तिसरं रहस्य घाईबाईचं

१

गुरुवार हा घाईबाईचा वडिलांकडे जाण्याचा दिवस. दवाखान्यातून तीनला सुटायचं, वाटेत भाजी घ्यायची, पप्पांच्या कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या पर्समध्ये टाकायच्या आणि चार वाजायच्या आत तिसरा मजला चढायचा. कारण चारला पप्पा रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला बसतात. एकदा बसले की दार उघडत नाहीत, मग बाहेर खुद्द बिशप उभे का असेनात. उघडणार नाहीत म्हणजे काय, त्यांना बेल ऐकूच येत नाही. प्रार्थनेच्या वेळी ते मशीन काढून बशीत ठेवतात. "देवाशी बोलायला बॅटरी कशाला जाळायची?" हे त्यांचं म्हणणं.

घाईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. चांगली शेचाळीस वर्षांची, दवाखान्यात लोकांचे कान तपासणारी बाई ती. पण लहानपणी रोझरी म्हणायला लागली की अशी सुसाट सुटायची की आई म्हणायची, "अगं घाईबाई, त्या मरियेला श्वास तरी घेऊ दे!" ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

त्या घरात रोझरीची वाटणी ठरलेली होती. रोझरीत पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या आणि मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग. प्रत्येक रहस्याला दहा मणी, आणि दर मण्याला एक 'नमो मरिये'. ती प्रार्थना दोघांत वाटून म्हणायची. पुढाकार घेणारा पहिला अर्धा भाग म्हणून थांबतो, मग बाकीचे उरलेला अर्धा म्हणतात. पहिलं रहस्य पप्पांचं, दुसरं आईचं, तिसरं घाईबाईचं, चौथं पुन्हा पप्पांचं, पाचवं पुन्हा आईचं. बारा वर्षांपूर्वी ती स्वतःच्या घरी राहायला गेली, तेव्हा तिसरंही आईकडे गेलं. पाच महिन्यांपूर्वी आई गेली. आता पाचही रहस्यं पप्पांची. सुरुवातही त्यांची, उत्तरही त्यांचंच. घाईबाई गुरुवारी यायची, पण ते माळ घेऊन बसले की निघायची.

त्या गुरुवारी बसने घोळ घातला आणि तिला दहा मिनिटं उशीर झाला. दार बंद. आता पाऊण तास बसा बोंबलत, असं स्वतःशी पुटपुटत ती जिन्याच्या पायरीवर टेकली. आतून पप्पांचा आवाज खणखणीत येत होता. कान गेलेली माणसं जोरातच बोलतात. पहिलं रहस्य झालं. दोन्ही अर्धे त्यांनीच म्हटले. दुसरं झालं, तेही तसंच.

तिसरं सुरू झालं आणि पप्पा गप्प बसले.

थोडा वेळ काहीच नाही. मग त्यांचा आवाज आला, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमेन." पुन्हा शांतता. पुन्हा तेच उत्तर. कुणीतरी पहिला अर्धा म्हणावा, पप्पांनी तो ऐकावा आणि मग उत्तर द्यावं, तसं. असं आठ वेळा झालं. नववा आणि दहावा मणी त्यांनी एकट्यानेच पुरा म्हटला. चौथ्या रहस्यापासून सगळं पूर्ववत.

घाईबाईला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की आईच्या रहस्याला ते थांबले नव्हते. थांबले ते तिच्या.

"पप्पा, तिसऱ्याला मधेमधे गप्प का बसत होता?" आत गेल्यावर बॅटऱ्या बदलून तिने त्यांच्या कानात मशीन बसवत विचारलं.

"तुझं आहे ना ते," पप्पा म्हणाले आणि पिशवीतले टोमॅटो दाबून बघायला लागले. "हे कुणी गळ्यात मारले तुझ्या?"

२

तिला चिंता वेगळीच होती. दीड महिन्यापूर्वी पप्पा बाथरूममध्ये पडले. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशींनी धप्प आवाज ऐकला म्हणून निभावलं, नाहीतर चोवीस तास तिथेच पडून राहिले असते. तेव्हापासून फोन वाजला की घाईबाई हातातलं काम टाकून धावायची. तिचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक खोली, त्यात दिवसभर ती कामावर. चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात मोठ्या मिनतवारीने एक जागा मिळत होती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. पप्पा प्रत्येक वेळी "बघू" म्हणायचे. चाळीस वर्षं नळांची कामं केलेल्या माणसाचं "बघू" म्हणजे काय, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना विचारावं. ते कधीच यायचे नाहीत.

डोक्यावर परिणाम झाला असेल तर विचारत बसण्यात अर्थ नाही, सरळ उचलून न्यायचं, असं तिने ठरवलं. शनिवारी सकाळी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मेंदूच्या डॉक्टरांनी स्मरणशक्तीचे तीस प्रश्न विचारले. पप्पांनी एकोणतीस उत्तरं बरोबर दिली आणि तिसाव्याला डॉक्टरांचीच चूक दाखवली. "घड्याळाचं चित्र काढा म्हणता आणि पेन्सिलीला टोक नाही," म्हणाले. "तुमच्या वॉशबेसिनचा वॉशर गेलाय, तेवढा बदला."

मग तिने त्यांचे कान तपासले. तिची ती तपासणीची खोली म्हणजे एक मोठं कपाटच. भिंतींना जाड फोम, दाराला रबर, समोर काच. आत बसलं की स्वतःचा घोट गिळल्याचा आवाज येतो. आवाज आला की पेशंटने बटण दाबायचं आणि बाहेर तिने आलेखावर खूण करायची. पप्पांचा आलेख बघून तिचा चेहरा पडला. मशीनशिवाय त्यांना शेजारी कुणी ओरडलं तरी शब्द कळणं शक्य नव्हतं.

म्हणजे डोकं शाबूत आणि कान गेलेले. मग ती शांतता कुणासाठी?

सवय, दुसरं काय, तिने स्वतःला समजावलं. पण सवयीने माणूस पन्नास वर्षं सोबत राहिलेल्या बायकोसाठी थांबेल. बारा वर्षांपूर्वी घर सोडलेल्या मुलीसाठी का थांबेल?

३

खरं तर आदल्या दिवशी, शुक्रवारीच, तिने फादरना गाठलं होतं. ते देवळाच्या मागच्या खोलीत मेणबत्तीच्या स्टँडवरचं मेण सुरीने खरवडत बसले होते. म्हातारा गडी, हसतमुख.

"फादर, नमो मरियेचा अर्धाच भाग म्हटला तर चालतो का?"

"घाई आहे वाटतं?" फादर म्हणाले. त्यांनाही ते नाव माहीत होतं.

"माझं सोडा. पप्पा एका रहस्याला फक्त उत्तर देतात. सुरुवात करायला कुणी नसतं."

फादरनी सुरी खाली ठेवली. "पहिला अर्धा भाग कुणाचा आहे, ठाऊक आहे का? तो आपला नव्हे. देवदूत दारात येऊन मरियेला काय म्हणाला आणि मग तिच्या नात्यातली अलीशिबा काय म्हणाली, ते आहे ते. बाहेरून आत आलेला नमस्कार. दुसरा अर्धा मात्र माणसांचा. तो शेकडो वर्षांनी जोडला गेला. ते मागणं आहे."

"आणि मागतो काय? मी लहानपणापासून म्हणतेय, कधी विचारच नाही केला."

"तू कशाला करशील, तुला शेवट गाठायचा असायचा." फादर हसले. "दोनच वेळांसाठी मागतो आपण. आत्तासाठी आणि मरणाच्या वेळेसाठी. मधल्या आयुष्याबद्दल चकार शब्द नाही. मधे आपण स्वतःला फार शहाणे समजतो ना! आणि एक बघ, माझ्या मरणाच्या वेळी असं कुणी म्हणत नाही. आमच्या, असं म्हणतो. म्हणजे कुणाच्या तरी त्या वेळेसाठी दुसरं कुणीतरी आत्ता बसून मागत असतं. कोण कुणासाठी, ते आपल्याला कळवत नाहीत."

"कळलं तर?"

फादरनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग उत्तर देत राहायचं," ते म्हणाले आणि पुन्हा मेण खरवडायला लागले.

४

शनिवारी दवाखान्यातून ती पप्पांबरोबर घरीच आली. चारला दोघं बसली. पप्पांची खुर्ची कायम आतल्या खोलीच्या भिंतीला लागून असायची. त्यांनी मशीन बशीत ठेवलं, माळ काढली आणि क्रूस कपाळाला लावला. क्रूसावरची ख्रिस्ताची मूर्ती अंगठ्याने घासून इतकी गुळगुळीत झाली होती की चेहरा राहिलाच नव्हता.

पहिलं रहस्य पप्पांनी म्हटलं, तिने उत्तरं दिली. दुसरंही तसंच. तिसरं सुरू व्हायच्या आधी पप्पांनी डावा हात मागे नेऊन तळवा भिंतीवर टेकवला. हे तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने लहानपणच्या सवयीने सुरुवात केली, "नमो मरिये, कृपापूर्णे..."

तिचे ओठ हललेले बघून पप्पांनी दुसरा हात वर केला. "दोघी एकदम नको."

तिने पटकन त्यांच्या कानात मशीन घातलं. "दोघी कोण, पप्पा?"

"तू आणि तू," पप्पा वैतागून म्हणाले. "आतली तू. तिचं होऊ दे आधी."

"मी इथे बसलेय तुमच्यासमोर!"

"इथेही आहेस. मी कुठे नाही म्हणतो?" आणि त्यांनी मशीन पुन्हा काढून बशीत ठेवलं.

तळवा भिंतीवरच होता. आता तिला कळलं. नळाच्या कामात पप्पा असेच भिंतीवर हात ठेवून गळती शोधायचे. आत पाणी कुठे वाहतंय ते त्यांना हाताला कळायचं, कधी चुकायचे नाहीत. कानाने ऐकतच नव्हते ते. हाताने ऐकत होते.

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. तिचीच जुनी खोली. ती गेल्यावर तिची खाट कुणाला तरी देऊन टाकली होती. आता तिथे पाइपांचे तुकडे, रंगाचे डबे आणि आईच्या कपड्यांची एक पेटी. खिडकीतून चारचं ऊन आलेलं. चिटपाखरू नव्हतं. बाहेरून पप्पांचं उत्तर आलं, "हे पवित्र मरिये..." आणि शांतता झाली.

आता ती शिकलेली बाई. भुताखेतांवर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती. पण बघितल्याशिवाय निघणं हाही तिचा स्वभाव नव्हता. हाडातून आवाज जातो, हे ती रोज पेशंटना सांगते. कानामागच्या हाडावर छोटी डबी टेकवून तसं ऐकवतेही. ती गुडघ्यांवर बसली आणि कानामागचं हाड भिंतीला लावलं. मग जरा खाली सरकली. मग आणखी खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. खाटेवर निजलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, तिथे.

स्वतःच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं की आपलाच आवाज परका वाटतो. सगळ्यांनाच वाटतो. कारण आपला खरा आवाज आपण आतून, कवटीतून ऐकतो. तो जगात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. भिंतीतून तिला आला तो तसा होता. शब्द लागले नाहीत. फक्त बोलताना जबड्यात होते ती थरथर, आणि धापा टाकत टाकत ओढलेला श्वास. तिने हात तोंडावर दाबला. तिचे ओठ बंद होते.

मग थरथर थांबली. भिंतीपलीकडून पप्पांचं उत्तर आलं.

५

"कधीपासून?" तिने विचारलं. चहा करून तिने कप पप्पांच्या पुढे ठेवला होता.

"आईला पोचवून आलो, त्याच आठवड्यापासून." पप्पांनी चहा बशीत ओतला. "आधी एकच मणी म्हणायचीस. एकच, आणि थांबायचीस. मला वाटलं, पाइपमध्ये हवा धरली असेल. मग म्हटलं, नाही बुवा, ही आपली घाईबाई. उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी परत एकच. तीन आठवडे एकच मणी. मग दोन झाले. चौथ्याला तर महिना लावलास. आता आठवा झालाय."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? कामावर असतेस, जेवलीस का विचारलं तरी चिडतेस."

तिला रडू येत होतं आणि हसूही. "पप्पा, सोमवारी सिस्टरांना कळवायचंय. तुम्ही पुन्हा पडलात तर मी काय करू? मला झोप लागत नाही हो. फोन वाजला की हातपाय गार पडतात माझे."

"माहीत आहे गं मला." पहिल्यांदाच ते "बघू" म्हणाले नाहीत. "येतो ना मी. कोण इथे एकटं कुढत बसणार? पण दोन मणी राहिलेत. ते टाकून कसा येऊ? मी उठून गेलो तर तुला उत्तर कोण देणार?"

"तिथे गेल्यावर द्या ना."

"तिथली भिंत वेगळी," पप्पा म्हणाले. पाइपचं माप चुकीचं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला समजवावं, तशा सुरात.

तिला विचारायचं होतं, मी त्या खोलीत शेवटच्या घटका मोजत कधी असेन, किती वर्षांची असेन, कुणी असेल का जवळ. शेवटचं तर विचारायची गरजच नव्हती. जवळ कुणी असतं तर उत्तरासाठी भिंतीकडे कशाला थांबली असती?

त्या रात्री ती आपल्या घरी परतली नाही. बाहेरच्या खोलीत पप्पांच्या पलंगाशेजारी चटईवर झोपली. आतल्या खोलीचं दार तिने लावून घेतलं आणि लावल्यावर दोनदा ओढून पाहिलं.

रविवारी चारला नववा मणी झाला. ती भिंतीपासून लांब, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पप्पा म्हणाले, "आज बरी होतीस."

६

सोमवारी तिने रजा टाकली. सकाळी पप्पांची बॅग भरली. चार शर्ट, दोन लुंग्या, दाढीचं सामान, आईचा फोटो. पप्पांनी पाना ठेवायला लावला. तिथले नळ कसे असतील सांगता येत नाही म्हणे. सिस्टरांचा फोन दोनदा येऊन गेला. पाचच्या आत कळवते, असं तिने सांगितलं.

आज कदाचित होणारच नाही, असा तिने विचार केला. चौथ्याला महिना लागला होता. मग काय, जागा सोडायची? पप्पांना इथे ठेवायचं? आणि पुन्हा पडले तर? आणि नेलं तर तो एक मणी तसाच? आपल्या मरणासाठी आपण आपल्या बापाला पणाला लावतोय का, या विचाराने तिची तिलाच लाज वाटली.

"पप्पा," ती म्हणाली, "आज झालं नाही तरी आपण निघू. मला चालेल."

पप्पांनी मशीन काढून ठेवलं होतं. ते डबीतून माळ काढत होते.

चार वाजले. पहिलं रहस्य, दुसरं रहस्य. तिसऱ्याला पप्पांनी तळवा भिंतीवर टेकवला आणि ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. भिंतीला पाठही लावायची नाही, असं तिने ठरवलं होतं. तिला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता आणि माळेवरचा अंगठा. एक मणी, उत्तर. दुसरा मणी, उत्तर. शांतता आखूड होती, तिच्या लहानपणच्या वेगाची. सात. आठ. नऊ.

दहावा मणी पप्पांच्या बोटांत आला आणि काहीच झालं नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. खाली मावशींचं शिवणयंत्र चालू झालं आणि बंद पडलं. पप्पांचे डोळे मिटलेले. त्यांनी तळवा भिंतीवर आणखी घट्ट दाबला, मग डोकंही मागे टेकवलं. घाईबाईने श्वास धरून ठेवला. इतकी लांब शांतता आजवर झाली नव्हती.

मग पप्पांचा चेहरा एकदम हलला. "हो गं," ते म्हणाले, प्रार्थनेतलं नव्हे, आपलं साधं, घरातलं. "इथेच आहे. म्हण तू, मी आहे."

पुन्हा शांतता. ही आखूड होती. आणि मग त्यांनी उत्तर दिलं, अगदी सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून. आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन.

त्यांनी हात भिंतीवरून काढला. तळव्यावर चुना लागला होता, तो त्यांनी गुडघ्यावर झटकला. उरलेली दोन रहस्यं त्यांनी नेहमीसारखी संपवली, तिने उत्तरं दिली. क्रूसाचं चुंबन घेऊन माळ डबीत ठेवली. मग मशीन कानात घालून ते खुर्चीच्या हातांवर जोर देत उठले.

"चल," म्हणाले. "कुठे न्यायचंय तिथे ने आता."

पाचला दहा कमी होते. तिने सिस्टरांना फोन करून येतोय म्हणून सांगितलं. बॅग उचलली, गॅस बंद आहे ना ते बघितलं. दारात आल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

"पप्पा, मी घाबरलेली होते का?"

"पहिल्या मण्याला फार. दातावर दात आपटत होते तुझे. नंतर नाही."

"आणि शेवटी? तुम्ही मधेच बोललात. ती काय म्हणाली?"

पप्पांनी आधी चपला घातल्या. वाकायला त्यांना वेळ लागतो, तिने हात धरला.

"अर्ध्यातच थांबलीस," ते म्हणाले. "आवाज ओळखलास बहुतेक. 'पप्पा?' म्हणालीस."

तिने दाराला कुलूप घातलं आणि ती दोघं एकेक पायरी करत खाली उतरायला लागली.